लोणावळ्यातील बैठकीचा आणि बोंबलांचा खुलासा

मुक्काम वराळे,
कोजागरीचा दुसरा दिवस

वडील भगिनी श्रीमती शकुबाई यांच्या चरणी, धाकटा भाऊ अंबाजी याचा, गुडघ्यांनी परवानगी नाकारल्यामुळे मनातल्या मनात वाकून केलेला नमस्कार पोहोचावा. इकडे मी, चिरंजीव निलेश आणि सूनबाई सौ. सविता असे सर्व सुखरूप आहोत. तुमची पाठ, तुमचे चिरंजीव भिमाजी याची जीप आणि तांबड्या गाईची लाथ मारण्याची खोड या तिन्हींची खुशाली सवडीने कळवावी. (समोरासमोर मी तुम्हांस 'अगं आक्का' म्हणतो हे मला ठाऊक आहे. परंतु तोंडी 'अगं' व लेखी 'तुम्ही' असा नियम आमच्या गुरुजींनी चौथीत घालून दिला होता. चौथीनंतर मला दुसरा नियम कोणी सांगितला नाही, म्हणून मी तोच पाळतो.) हे पत्र तुमच्या सूनबाई कोमल तुम्हांस वाचून दाखवतील. (कोमल, कंसातील मजकूर हळू आवाजात वाचावा. तुमच्या ओट्यावर कोण कोण येऊन बसते हे मला माहीत आहे.)

फोन न करता पत्र का लिहिले, असे तुम्ही विचाराल. निलेशने माझ्या फोनचा आवाज मोठा करून ठेवला आहे व तिकडे भिमाजीने तुमच्या फोनचा. त्यामुळे आपण दोघे बोलू लागलो की वराळे आणि पवनानगर अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाहीर सभा भरते. प्रस्तुत विषय सभेत मांडण्याजोगा नाही. विषय असा की, नवरात्रात तुमच्याकडे तुमच्या नणंदबाई शालूबाई कार्ल्याहून येऊन गेल्या व त्यांनी, अंबाजी भाऊ लोणावळ्याला बारमध्ये बसले होते, असे सांगितले, हे मला भिमाजीकडून कळले. त्यावर माझे म्हणणे एवढेच की, बसलो होतो हे खरे आहे. बाकीचे खरे नाही. खरे काय ते समजण्यासाठी मूळ कारणापासून सुरुवात करणे भाग आहे, आणि मूळ कारण म्हणजे आपल्या आईच्या हातचे सुक्या बोंबलांचे कालवण.

ते कालवण पुन्हा एकदा जेवावे असे मला वाटू लागले. (फार नाही. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची आठवण यावी इतपत.) इथे चौथ्या मजल्यावर सर्व सोयी आहेत, नळाला दोन्ही वेळा पाणी आहे, मला तक्रारीस जागा नाही. परंतु तक्रारीस जागा नसली की माणसाचे मन मागे मागे जाते असे दिसते. तुम्हांस आठवत असेल, घाटाखालच्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन चढून येत. आई त्यांच्या टोपलीत तांदूळ घाली आणि बोंबील मोजून घेई, आणि मोजताना दोन्हीकडच्या बाया एकमेकींना लबाड म्हणत व मग एकमेकींच्या लेकरांची चौकशी करत. निखाऱ्यावर टाकला की बोंबील आधी अंग आखडून घेई, मग एका कुशीवर वळे. आई तो ठेचून, गरम पाण्यातून काढून, वांग्याच्या फोडींबरोबर गाडग्यात सोडी. लसूण व मिरची पाट्यावरची असे. आणि उतरवण्याच्या आधी ती त्यात आणखी काहीतरी घाली. ते काहीतरी काय होते, ते मला माहीत नाही. ताट समोर येण्याच्या आधी स्वयंपाकात लक्ष घालण्याची मला तेव्हा गरज वाटली नव्हती. ते घर, ती चूल आणि तो पाटा पवनेच्या धरणाखाली गेला, त्यास इलाज नाही. पाटा तेवढा आणता आला असता, पण सरकारी ट्रक भरला होता.

तर आषाढात, म्हणजे आखाड तळण्याच्या दिवसांत, मी जेवताना सहज म्हणालो की आमची आई बोंबलाचे कालवण बरे करत असे. सूनबाई गुणी आहे, हे मी आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचे वाचून तुमचा गैरसमज होईल. तिने दुसऱ्याच दिवशी तळेगावच्या मोठ्या दुकानातून बोंबलाचे पाकीट आणले. पाकिटावर 'साफ केलेले, वास नसलेले' असे लिहिले होते. आता बोंबलाचा वास काढल्यावर त्यात काय उरते, हा प्रश्न कारखानदाराला पडला नसेल, पण मला पडला. तिने मोबाईलवर एका बाईचे बघून, टोमॅटो आणि मलई घालून, त्यावर कोथिंबीर पेरून ते कालवण काचेच्या भांड्यात आणले. मी जेवलो. ती म्हणाली, "आबा, चव कशी झालीय?" मी म्हणालो, "भाकरी चांगली आहे." यात मी काही वावगे बोललो असे मला अजूनही वाटत नाही. भाकरी खरोखरच चांगली होती. परंतु सूनबाईने वाढायचा चमचा भांड्यात ठेवला तो आवाज करून ठेवला, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे रोज दुधीभोपळा झाला.

यावर उपाय म्हणून निलेशने एका रविवारी मला गाडीत घातले. "आबा, चला, आज तुम्हाला ओरिजिनल खायला घालतो," असे तो म्हणाला. लोणावळ्याला आखाडातला रविवार म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेले नाही, ते एक पुण्य समजावे. पुण्यामुंबईची माणसे भिजण्यासाठी गाडीने येतात आणि गाडीची काच खाली करत नाहीत. ज्या हॉटेलात आम्ही गेलो (नाव लिहीत नाही, त्यांचा धंदा आहे) तिथे दारात बैलगाडीचे चाक, नांगर आणि कंदील अशा वस्तू मांडल्या होत्या, आणि शहरातली पोरे नांगराशेजारी उभी राहून फोटो काढत होती. नांगराचा फाळ उलटा बसवला होता. मी ते मालकाला सांगितले. तो म्हणाला, "काका, उलटा छान दिसतो." निलेश गाडी लावायला गेला तो तिकडेच अडकला. मी फेटेवाल्या वाढप्याला सुक्या बोंबलाविषयी विचारले. तो म्हणाला, "तो फॅमिलीत नाही मिळत आबा, पलीकडं मिळतो." जिथे बोंबील तिथे मी, या सरळ न्यायाने मी पलीकडे गेलो व बसलो. तिथे उजेड कमी होता. मला वाटले, वीज वाचवतात.

वाढप्याने भाजलेला बोंबील, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, सोड्याची बाटली आणि एक रिकामा पेला माझ्यापुढे ठेवला व पुढील सूचनेची वाट पाहत उभा राहिला. बोंबील भाजला बरा होता, त्याचे श्रेय मी नाकारत नाही. मी त्याला म्हणालो, "हाच बोंबील वांग्यात घालून याचे कालवण करून आणा." तो म्हणाला, "आबा, ह्याचं कालवण नसतंय. ह्याच्यासंगं बसायचं असतंय." मी म्हणालो, "बसलोच तर आहे." तेवढ्यात समोरून "अगं बया!" असा आवाज आला. त्या हॉटेलाने गिऱ्हाइकांना दिसेल अशा जागी चूल मांडून भाकरी थापायला बाई बसवली आहे, आणि ती बाई म्हणजे तुमच्या नणंदबाई शालूबाई निघाल्या. पीठ लावलेला हात कपाळाला लावून त्या तिथूनच ओरडल्या, "अंबाजी भाऊ, तुमी? हितं? आनि येकलंच?" सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. मी उभा राहून त्यांना नमस्कार केला. (बारमध्ये उभे राहून नमस्कार करणाऱ्या माणसाला पाहून लोक काय समजायचे ते समजतात, हे मला नंतर निलेशने सांगितले.) मी खुलासा केला की मी बोंबलासाठी आलो आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, आमचं मालक बी पैलं बोंबलासाठीच जायाचं!" आणि भाकरी तव्यावर टाकून इतक्या हसल्या की ती भाकरी करपली. ही ती बैठक. यापेक्षा जास्त काही घडले नाही. सोड्याची बाटली मी फोडलीसुद्धा नाही.

त्यानंतर श्रावण लागला, मग गणपती आले. देवाधर्माने वागणाऱ्या माणसाच्या वर्षात बोंबलाला फार थोडी जागा असते. तरीही मी विचार केला की दुसऱ्याच्या हातावर विसंबून राहण्यापेक्षा जिन्नस तरी आपण आणून ठेवावा, म्हणजे दसरा झाल्यावर बघता येईल. म्हणून कामशेतच्या बाजारातून मी स्वतः निवडून बोंबील आणले. (वास असलेले.) पावसाळी हवेने ते सादळले होते, आणि सादळलेल्या बोंबलाला एकदा कडक ऊन दाखवल्याशिवाय तो डब्यात भरू नये, एवढे तर आपल्या घरात कोणालाही न शिकवता येत असे. भाद्रपदाचे ऊन पडले होते. आमच्या इमारतीची गच्ची सर्वांची आहे, म्हणजे माझीही आहे. सूनबाई बाहेर गेल्याचे पाहून मी गच्चीच्या एका कोपऱ्यात जुने लुगडे अंथरले, त्यावर बोंबील पसरले, वर मच्छरदाणीचा तुकडा टाकला आणि सावलीत राखण करत बसलो. दिवस पितृपंधरवड्यातला होता, हे मला माहीत होते. मी काही खाणार नव्हतो, फक्त ऊन दाखवत होतो. या दोन्हींत फरक आहे.

मला जे माहीत नव्हते ते असे, की त्याच दिवशी आमच्या शेजारचे त्र्यंबकराव यांच्या वडिलांची तिथी होती. त्र्यंबकराव मूळचे तळेगावचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारे. दुपारी ते सोवळे नेसून, पत्नी अरुंधतीबाई, गुरुजी आणि दोन्हीकडचे नातेवाईक यांच्यासह गच्चीवर आले व त्यांनी कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवले. भात, खीर, वडे, सर्व यथासांग होते. कावळा शिवल्याशिवाय खाली पाने वाढायची नाहीत, हे त्यांच्याकडे कडक आहे. आणि वराळ्याला अलीकडे इमारती झाल्यापासून कावळा दिसणे कठीण झाले आहे, म्हणून मंडळी आधीच काळजीत होती. परंतु त्या दिवशी कावळे आले. पुष्कळ आले. सगळ्या मावळातले आले असावेत. मंडळींना आनंद झाला. मग कावळे पानाच्या डोक्यावरून उडत सरळ माझ्या कोपऱ्याकडे गेले.

आता माझी अडचण तुम्ही लक्षात घ्या. उठून हाकलावे, तर दुसऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी कावळे हाकलणारा माणूस कोणत्या नरकात जातो ते गुरुजी तिथेच सांगणार. न हाकलावे, तर बोंबील जातो. मी बसून राहिलो. मच्छरदाणी पहिल्याच झटापटीत गेली. तिकडे त्र्यंबकराव हात जोडून उभे होते. कावळे येऊनही पानाला शिवत नाहीत, म्हणजे वडिलांची इच्छा राहिली, असे गुरुजींनी सांगितल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "अण्णा, तुमच्या नातीचं, ऋचाचं लग्न या वर्षी नक्की करतो." एका कावळ्याने मान वळवली आणि पुन्हा बोंबील उचलला. "तळेगावची जागा विकत नाही, अण्णा. शब्द देतो." काही उपयोग झाला नाही. (त्यांच्या धाकट्या भावाचा चेहरा मात्र उजळला.) अरुंधतीबाई म्हणाल्या, "अहो, खीर अगोड झाली असेल." नातेवाईक भुकेने एकदा पानाकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहत होते. मी आकाशाकडे पाहत होतो.

शेवटी एक थोराड कावळा चोचीत आख्खा बोंबील घेऊन उडाला, तो थेट कठड्यावर पानाशेजारी उतरला. त्याने बोंबील भातावर ठेवला, पायाने दाबला, आणि एक घास बोंबलाचा व एक घास भाताचा, असा शांतपणे जेवू लागला. खिरीला त्याने तोंड लावले नाही. गुरुजी भुकेले होते, ते पटकन ओरडले, "शिवला! शिवला! चला, पानं घ्या!" परंतु कोणी हलले नाही. अरुंधतीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, मामंजी लग्नाआधी रेवदंड्याला नोकरीला होते ना?" त्र्यंबकराव पानाकडे बघत म्हणाले, "होते. बरीच वर्षं." मग सर्व मंडळी एकमेकांकडे न पाहता जिना उतरून गेली. बोंबील कोणाचा, असे मला कोणी विचारले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला सवय नाही. कोपऱ्यात लुगडे तेवढे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव आमच्या दारात आले. तक्रार घेऊन आले असतील असे समजून मी टोपी घालून बाहेर गेलो. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "अंबाजीराव, ते कुठल्या बाजारात मिळतात? म्हणजे माझ्यासाठी नाही. पुढच्या वर्षी अण्णांसाठी लागतील." मी त्यांना कामशेत सांगितले, आणि वास असलेले घ्या असेही सांगितले. माणूस चांगला आहे.

हे सर्व सूनबाईला कळायचे ते कळलेच. जेवताना ती आणि निलेश इतके हसले की निलेशला ठसका लागला. मग सूनबाई म्हणाली, "आबा, एवढंच मन होत असेल तर सरळ आत्याबाईंना विचारा ना. त्यांना आजीचं सगळं येतं." मी म्हणालो, "माझे कोणावाचून अडलेले नाही. बोंबील हा विषय या घरात आज संपला." असे मी म्हणालो, आणि मी म्हटलेले मी पाळतो. तेव्हापासून मी तो शब्द उच्चारलेला नाही. (लिहिण्याविषयी मी काही बोललो नव्हतो.)

तरी शालूबाईंनी जे सांगितले ते कितपत खरे मानायचे हे आता तुमचे तुम्ही ठरवावे. बाकी मी सर्व इच्छांपासून अलिप्त असून प्रकृती ठणठणीत आहे. लहानांना आशीर्वाद, तांबड्या गाईस दुरूनच माया, आणि तुमच्या पायांवर पुन्हा एकदा मनातल्या मनात डोके.

तुमचा धाकटा भाऊ,
अंबाजी

ता. क. तुमचे लग्न झाल्यावर तुम्हांस माहेरी न्यायला मुराळी म्हणून मी येत असे, ते तुम्हांस आठवत असेल. मी विचारले की तुमच्या सासूबाई दोनदा नाही म्हणत आणि तिसऱ्यांदा विचारले की लगेच गाठोडे बांधून देत. माहेर आता पाण्यात असल्यामुळे मुराळी पाठवणार कोण आणि न्यायचे कुठे, असा प्रश्न येतो. तरी भिमाजी जीप घेऊन कामशेतपर्यंत रोज येतोच. तिथून वराळे काही लांब नाही. त्याने एखाद्या दिवशी यावे आणि सूनबाईच्या समोर म्हणावे, "मामा, आईनं बोलावलंय, चला." मी दोनदा नाही म्हणेन. त्याने वाईट वाटून परत जाऊ नये. तिसऱ्यांदा विचारावे. जावयाला करतात तसा आग्रह नको, मुराळी करतो तसा करावा. बोंबील मी येताना कामशेतला घेईन. गाडगे तुमच्याकडे असेल. शेवटी आई जे काहीतरी घाली, ते तुम्ही घालावे. मला नाव सांगितले नाही तरी चालेल.

दुसरी ता. क. पत्र पाकिटात घालत असतानाच भिमाजीचा निलेशला फोन आला. (आवाज मोठा होता, म्हणून सर्वांनी ऐकला.) दसऱ्यानंतरच्या एकादशीला तुम्ही माळ घातलीत असे त्याने सांगितले. फार चांगले केले. या वयात घालावीच. सूनबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, म्हणून मी "वा, वा" असे दोनदा म्हणालो. तेव्हा वरच्या मजकुरातील बोंबील, गाडगे व काहीतरी हा भाग रद्द समजावा. माळकरणीच्या घरात असली वस्तू आणण्याइतका मी अडाणी नाही.

तिसरी ता. क. मी रात्रभर याचा विचार केला नाही, पण सकाळी सुचले ते लिहितो. माळ गळ्यात असते. तोंडाने सांगण्यास तिची हरकत नसावी. घराबाहेर, गोठ्याच्या पलीकडे तीन दगडांची चूल मांडता येईल. तुम्ही तुमच्या ओट्यावर बसून मोठ्याने सांगावे, हात मी लावीन. विस्तव मला अजून पेटवता येतो. त्यालाही हरकत असेल तर तुमच्याकडचे पिठले मला चालते, हे तुम्हांस माहीतच आहे. भिमाजीला मात्र पाठवावेच. पिशवी मी भरून दाराआड ठेवली आहे, आणि ती भरलेली सूनबाईने पाहिलेली आहे. आता ती सोडणे बरे दिसणार नाही.